हुर्यो कोणाची?

अबू धाबी येथील एतिहाद अरीनामध्ये २५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री जे घडले, ते खेळांच्या पानावरील एक बातमी म्हणून आले आणि दोन-चार दिवसांत विरूनही गेले. हेवीवेट गटातील जगज्जेतेपदासाठी इंग्लंडचा टॉम अॅस्पिनल आणि फ्रान्सचा सिरिल गान एकमेकांसमोर उभे होते. 'यूएफसी' या अमेरिकी संस्थेच्या मिश्र युद्धकलांच्या मेळाव्यातील, म्हणजे मुष्टियुद्ध, कुस्ती, लाथा आणि सांधे पिरगाळणे या सर्वांची मुभा असलेल्या प्रकारातील, ही प्रमुख लढत होती. जॉन जोन्सने जून २०२५ मध्ये निवृत्ती घेतल्यावर निर्विवाद विजेतेपद अॅस्पिनलकडे आले होते आणि ते राखण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. पहिली फेरी संपावयास पंचवीस सेकंद उरले असता गानची पसरलेली बोटे अॅस्पिनलच्या दोन्ही डोळ्यांत गेली. पंचांनी लढत थांबविली, वैद्य आत आले, सावरण्यासाठी वेळ देण्यात आला. अॅस्पिनल आपल्याला दिसत नाही असेच सांगत राहिला. अखेर लढत झालीच नाही असे जाहीर करण्यात आले. विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. पण त्याबरोबर त्याच्या वाट्यास काय आले? हजारो प्रेक्षकांची हुर्यो!

ज्याच्या डोळ्यांना इजा झाली, त्याचीच हुर्यो उडविण्यात आली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याची बोटे गेली त्याच्याविरुद्ध सभागृह पेटून उठले नाही. ज्यांनी हा मेळावा भरविला त्यांच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही. पिंजऱ्यातच ध्वनिक्षेपकासमोर अॅस्पिनलला आपल्या प्रेक्षकांना विचारावे लागले की, तुम्ही मला का हिणवता, बोट माझ्या डोळ्यात पेरापर्यंत गेले आहे आणि मला दिसत नाही. जगज्जेत्याला अशी साक्ष स्वतःच्याच बचावासाठी द्यावी लागावी, हा प्रकार विपरीत खरा. लढत सुरू असताना त्याच्या नाकातून रक्त येत होते आणि गान चांगला लढत होता. एवढे पाहून अनेकांनी निकाल दिला की, हरण्याची लक्षणे दिसताच हा गडी डोळ्यांचे निमित्त काढून बाहेर पडला. त्याला रुग्णालयात नेण्यात आले तरीही ही कुजबुज थांबली नाही. जोन्सनेही समाजमाध्यमांवर त्याची टर उडविली. साधारण महिन्याभरानंतर वैद्यकीय अहवाल बाहेर आला. आघातामुळे दोन्ही डोळ्यांना 'ब्राऊन सिंड्रोम' झाल्याचे त्यात नमूद होते. डोळा फिरविणाऱ्या एका स्नायूची दोरी अडकून बसते, नजर वर नेता येत नाही आणि एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात, असा हा विकार आहे. समोरून येणारी मूठ एक की दोन, हे ज्याला कळत नाही, त्याला पिंजऱ्यात उभे राहण्यास सांगणे याला खेळ म्हणत नाहीत. अहवाल आल्यावर हुर्यो उडविणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी आपले शब्द मागे घेतले असतील, हा प्रश्न विचारण्यातही फारसा अर्थ नाही. गर्दीला स्मरण नसते. असते ती फक्त त्या क्षणाची भूक.

तरीही गर्दीला सरसकट रानटी ठरवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. हे काम फार सोपे आहे आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. अमेरिकेचे सेनेटर जॉन मॅकेन यांनी १९९६ च्या सुमारास या खेळाला माणसांमधली कोंबड्यांची झुंज म्हटले होते आणि तेथील अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली होती. त्या रोषातूनच पुढे नियम आले, वजनगट आले, फेऱ्यांची मर्यादा आली आणि २००० च्या सुमारास न्यू जर्सीत एकत्रित नियमावलीने आकार घेतला. मात्र एक नियम त्याहूनही जुना आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे यूएफसीचा पहिला मेळावा भरला, तेव्हा जवळजवळ सर्व काही चालत असे. पण चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे या दोन गोष्टींना तेव्हाही मनाई होती. प्राचीन ग्रीसमधील 'पँक्रेशन' या तशाच रांगड्या खेळातही नेमक्या याच दोन गोष्टी निषिद्ध मानल्या जात. म्हणजे ज्यांनी हाडे मोडण्यास परवानगी दिली, त्यांनीही डोळा वगळला. डोळ्याचे रक्षण हा या खेळातील सर्वांत जुना करार आहे, आणि अबू धाबीत हुर्यो उडाली ती त्या कराराचा आधार घेणाऱ्याची.

प्रेक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कुस्तीच्या फडात वाढलेल्या मराठी माणसाला ती समजण्यास अडचण पडू नये. 'निकाली कुस्ती' अशी जाहिरात वाचून जो कोसोगणती चालत येतो, त्याला पंचांनी जोड बरोबरीत सोडविली की फसविल्यासारखे वाटते. दोन मल्लांनी आतून संगनमत केलेली नुरा कुस्ती त्याने कधी ना कधी पाहिलेली वा ऐकलेली असते. त्यामुळे निकाल लागला नाही की त्याच्या मनात पहिली येते ती शंका. कोल्हापूरच्या खासबागेत मातीवर बसलेला शेतकरी आणि अबू धाबीत उंची तिकीट काढून बसलेला धनिक यांच्यात वेशाचे अंतर असेल, या शंकेचे अंतर नाही. अमेरिकेत घरबसल्या हा मेळावा पाहणाऱ्याने वर्गणीखेरीज ऐंशी डॉलरच्या घरात वेगळे पैसे मोजले होते. महिनाभर ज्या एका लढतीचा डंका पिटला गेला, ती पाच मिनिटेही टिकली नाही. संताप येणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, तो संताप ज्याने आपली दृष्टी गमावण्याची जोखीम घेतली त्याच्याच माथी का बसला?

याचे उत्तर प्रेक्षकांच्या स्वभावात कमी आणि खेळाच्या रचनेत अधिक आहे, असे आमचे मत आहे. डोळ्याला बोट लागल्यावर काय घडते ते पाहावे. पंच लढत थांबवितात, वैद्यांना बोलावतात, आणि मग सारे सभागृह एका माणसाच्या ओठांकडे पाहू लागते. 'दिसते' म्हणाला तर लढत चालू, 'दिसत नाही' म्हणाला तर बंद. वैद्य तपासतात हे खरे. पण दोन दिव्यांखाली, काही मिनिटांत, पाणावलेल्या डोळ्यांत पाहून त्यांना जे कळते त्यापेक्षा जखमी माणसाच्या शब्दावरच सगळे अवलंबून राहते. निर्णय जर त्याच्या तोंडून येणार असेल, तर निर्णयाचा दोषही त्याच्याच पदरात पडणार. आणि ज्याच्या हातून नियमभंग झाला त्याचे काय? तो कोपऱ्यात उभा राहून श्वास घेतो. नियमभंग जाणूनबुजून केलेला नाही असे पंचांचे मत झाले आणि पुरेशा फेऱ्या झालेल्या नसल्या, तर लढत झालीच नाही असे धरले जाते. गुण कापण्याचा अधिकार पंचांना आहे. परंतु प्रघात असा की प्रथम समज द्यावयाची, मग पुन्हा समज द्यावयाची. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाच्या दिशेने बोटे पसरून हात पुढे करणे हासुद्धा नियमभंग आहे, असे नियमावली सांगते. त्याची अंमलबजावणी किती वेळा होते, हे हा खेळ पाहणाऱ्यांना आम्ही सांगावे असे नाही.

याच खेळातील दुसरे उदाहरण घ्यावे. १३ मार्च २०२१ रोजी लास व्हेगास येथे लिऑन एडवर्ड्स आणि बेलाल मुहम्मद यांची लढत झाली. एडवर्ड्सला पहिल्याच फेरीत डोळ्याच्या नियमभंगाबद्दल पंचांनी समज दिलेली होती. दुसरी फेरी सुरू होऊन वीस सेकंदही झाले नसतील, तोच त्याचे बोट पुन्हा मुहम्मदच्या डोळ्यात गेले. मुहम्मद वेदनेने ओरडला, रडला, आणि ती लढतही रद्दबातल ठरली. नियमभंग तोच, निकाल तोच. मात्र कोविडचे दिवस असल्याने सभागृह प्रेक्षकांसाठी बंद होते आणि त्या शांततेत मुहम्मदचा आक्रोश सर्वांना स्पष्ट ऐकू आला. तो पळाला असे म्हणण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही. अबू धाबीत हा आक्रोश हजारो गळ्यांखाली बुडाला असेल काय? गर्दी नसती तर अॅस्पिनलला न्याय मिळाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण तो मोह आवरावा लागतो. कारण नोव्हेंबर २०२० मध्ये लंडनमध्ये, अशाच रिकाम्या सभागृहात, डॅनियल ड्युबॉइस नावाचा तरुण मुष्टियोद्धा जो जॉइसविरुद्ध दहाव्या फेरीत गुडघा टेकून खाली बसला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. त्याच्या डाव्या डोळ्याची खोबण मोडली होती. तेथे हुर्यो उडविण्यास गर्दी नव्हती; ती उणीव माजी मुष्टियोद्ध्यांनी भरून काढली. समालोचनाच्या खुर्चीत बसून त्यांनी त्याला मैदान सोडणारा ठरविले. खरा योद्धा ढालीवरून परततो, अशा थाटाची ही भाषा होती. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, याच ड्युबॉइसने वेम्बली मैदानावर शहाण्णव हजार प्रेक्षकांसमोर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपविले. त्या रात्री गुडघा टेकला नसता तर ती दृष्टी आणि हा विजय दोन्ही त्याच्या नशिबी राहिले असते की नाही, हे त्या पंडितांनी एकदा स्वतःला विचारावे.

म्हणजे ही हुर्यो रिंगणाबाहेर तयार होते आणि वर्षानुवर्षे शिकविली जाते. तिचे धडे कोणते? नोव्हेंबर १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे शुगर रे लेनर्डसमोर आठव्या फेरीत रोबेर्तो दुरानने पाठ फिरविली आणि 'नो मास' हे दोन स्पॅनिश शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटले. ते शब्द आपण उच्चारलेच नाहीत असे तो पुढे सांगत राहिला, पण ऐकतो कोण? दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत उभा राहिला, कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. तो थांबला नाही, त्याला कोणी थांबविलेही नाही. त्याच्या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने पंधरा फेऱ्यांच्या जागी बारा आणल्या. जो थांबला तो आयुष्यभर चेष्टेचा विषय. जो थांबला नाही त्याच्यामुळे नियम सुधारला. रसिकांच्या दोन पिढ्यांनी या दोन घटनांतून दुसऱ्याऐवजी पहिला धडा अधिक मनापासून गिरविला.

मिश्र युद्धकलांमध्ये तर याहून विलक्षण दाखला आहे. जानेवारी २०१३ मध्ये व्हितोर बेलफोर्टशी झालेल्या लढतीनंतर इंग्लंडच्या मायकेल बिस्पिंगच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. पुढे त्या डोळ्याची दृष्टी गेली. तरी तो लढत राहिला. नेत्रतपासणीतून युक्तीने कसे निसटलो हे त्याने स्वतःच नंतर उघडपणे सांगितले. आणि जून २०१६ मध्ये ल्यूक रॉकहोल्डला पहिल्या फेरीत गारद करून तो जगज्जेता झाला. आज त्या जागी कृत्रिम डोळा आहे. बिस्पिंगचे धैर्य अपूर्व होते हे मान्य करण्यास आम्ही कचरणार नाही. पण ज्या तपासणीने त्याला अडवावयास हवे होते तिच्या अपयशाची कथा शौर्यगाथा म्हणून सांगितली गेली, आणि तेथून प्रेक्षकांचा मापदंड बदलला. एका डोळ्याने विजेता होता येते, मग हा दोन डोळे असून का थांबतो? ही तुलना अबू धाबीत किती ओठांवर होती हे सांगता येणार नाही. हवेत ती होतीच.

आमच्या परंपरेत गदायुद्धाचा एक प्रसंग आहे. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला, नाभीखाली आघात करू नये हा गदायुद्धाचा नियम मोडला, आणि पांचालांनी जयघोष केला. त्या साऱ्या जमावात एकच प्रेक्षक असा निघाला की, कोण जिंकले यापेक्षा कसे जिंकले याची ज्याला चाड होती. बलराम नांगर उगारून भीमावर धावला आणि कृष्णाला त्याला आवरावे लागले. दुर्योधन सज्जन होता म्हणून बलराम संतापला नाही. आपण शिकविलेल्या विद्येचा नियम डोळ्यांदेखत मोडला गेला, हे त्याला सोसवले नाही. खेळाचा रसिक असाच असावा, अशी अपेक्षा हजारोंच्या सभागृहाकडून करता येणार नाही. पण नियमाच्या बाजूने उभे राहणे ज्यांचे वेतनी कर्तव्य आहे, त्यांच्याकडून ती करावयास काय हरकत आहे?

वस्तुतः संस्थेला या दुखण्याची जाणीव नव्हती असे नाही. बोटे थोडी वळलेली राहावीत आणि डोळ्यांना इजा कमी व्हावी, अशी रचना असलेले नवे हातमोजे यूएफसीने जून २०२४ मध्ये मोठा गाजावाजा करून आणले. त्यांविषयी लढवय्यांच्या तक्रारी आल्या. या मोज्यांमुळे एका ठोशात गारद होण्याचे प्रमाण घटले अशीही ओरड झाली. पाच महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नवे मोजे गुंडाळून जुने पुन्हा हातांत चढले. त्यानंतर वर्षभराच्या आत अबू धाबी घडले. नव्या मोज्यांनी ती बोटे अडविली असती असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र मोजा चुकला म्हणून दुसरा शिवावा की जुन्याकडेच परत जावे, या निवडीत संस्थेचा कल दिसून आला. ऑगस्ट २०२५ मध्ये याच संस्थेने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी पॅरामाउंट कंपनीशी सात वर्षांचा, सुमारे ७.७ अब्ज डॉलरचा करार केला. एवढ्या पैशात एक बरा हातमोजा बसत नाही, यावर विश्वास ठेवणे जड जाते.

आपल्याकडे अशा वेळी संताप कोठे वळतो हेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकलेच नाहीत असा राक्षेचा दावा होता. त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अंतिम कुस्ती अर्धवट सोडणाऱ्या महेंद्र गायकवाडवरही तशीच कारवाई झाली. लाथेचे समर्थन कोणताही विवेकी माणूस करणार नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या तालमींत जो वाद रंगला तो पंचांच्या निर्णयाबद्दल, चित्रफितीच्या फेरतपासणीबद्दल होता. हरलेला मल्ल भ्याला असे कोणी म्हणाले नाही. रीत चुकली, पत्ता चुकला नाही.

आणि धीरयो? १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या झुंजींवर बंदी घातली, तरी सासष्टीच्या शेतांत त्या अधूनमधून होतात, पैजा लागतात आणि त्या कायदेशीर कराव्यात अशी मागणी आमच्या विधानसभेतही उठत असते. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. मुक्या जनावरांना माणसांच्या करमणुकीसाठी भिडविण्यास आमचा विरोध पूर्वीप्रमाणेच कायम आहे. पण धीरयोचा एक दंडक तिच्या विरोधकांनाही ठाऊक आहे. बैलाने पाठ फिरविली की झुंज संपली. त्याला का फिरलास असे कोणी विचारत नाही. पैजेत पैसे गेलेला माणूस चडफडतो, मालकाची मान खाली जाते, पण बैलाला पुन्हा रिंगणात उभे राहून आपल्या डोळ्यांची कैफियत द्यावी लागत नाही.

म्हापशा-मडगावपासून वास्कोपर्यंतचे आमचे तरुण हे मेळावे आता भ्रमणध्वनीवर पाहतात. पूजा तोमर हिने जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकून तो मान मिळविणारी पहिली भारतीय महिला होण्याचे यश संपादन केले, तेव्हापासून या खेळाकडे आपला खेळ म्हणून पाहणारेही वाढले आहेत. त्यात गैर काही नाही. उद्या येथे कोणी अशी लढत भरविली, तर क्रीडाखात्याने आणि आयोजकांनी तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: डोळ्यात बोट गेले की समज न देता पहिल्याच वेळी गुण कापावा; लढत पुढे चालवावयाची की नाही हे जखमी खेळाडूला न विचारता, आयोजकांकडून मानधन न घेणाऱ्या नेत्रवैद्याने ठरवावे; आणि तो निर्णय वैद्यानेच ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगावा. मग ज्यांना हुर्यो उडवावयाची असेल त्यांनी ती वैद्याची खुशाल उडवावी. त्याचे डोळे तरी शाबूत असतील.